नावाड्याचं वाक्य

बेलेंमध्ये, बंदरामागच्या गल्लीत,
दोना झुल्मिराच्या दुकानात
अर्ध्या तासाला दोन नाणी पडायची.
टीव्ही चार, पंखा एक,
आणि कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचा मान एव्हराल्दोचा,
कारण नाणी त्याची, कोळंबी सोलून मिळवलेली.

गेम जपानी. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.
तिसऱ्या पडद्यावर नदी, काठावर नावाडी:
सोळा ठिपके उंच, टोपी धरून,
आणि त्याचं एकच वाक्य.
कितीदाही जा, तेच.
एव्हराल्दो घसा खाकरून वाचून दाखवायचा:
"नदी आज रुसलीय. उद्या या."
आम्ही खरंच उद्या जायचो.
उद्याही ती रुसलेलीच.

नावाड्याला आम्ही जुरांदिर म्हणायचो.
त्याला एक मेलेली बायको दिली, एक आंधळा कुत्रा,
आणि गुडघेदुखी, आमच्या मामाची, जशीच्या तशी.
नदीपलीकडे काय होतं
ते आम्ही कधी पाहिलंच नाही.

आता तीस वर्षांनी
त्या नावाड्याचाच वेगळा गेम निघालाय.
माझ्या लेकीनं, जुसारानं, घेतला.
सगळं पोर्तुगीजमध्ये, चक्क आपल्या.
पाण्यावर ऊन हलतं, वल्ह्याला वजन आहे,
दाढीचा केस न् केस वेगळा.
त्याला नाव आहे. मी सांगणार नाही.
बायको आहे, जिवंत, आणि कटकटी.
कुत्रा नाही.
नीट शोधलास का, मी विचारलं.
आई, म्हणाली, यादीतच नाहीये.

चांगला आहे गेम, खोटं कशाला बोलू.
पहाटे तो जाळं झटकतो तेव्हा
हातांना खवले चिकटल्यासारखे वाटतात.
पण विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकतो,
ताट वाढून वर घासही भरवणाऱ्या यजमानासारखा.

मग काल रात्री तो लाल झग्याचा पोरगा आला,
आमचा, जुना,
आता गालांना लाली आलेला,
काठावर उभा राहिला,
आणि नावाडी ते वाक्य बोलला.
मी टॉवेलच्या घड्या घालत होते.
"पाच नाणी आण, मग सोडतो."

पाच नाणी!
दुसऱ्या पडद्यावरच्या माठात सात होती.
रोज दिसायची.
आम्ही कधी उचलली नाहीत,
कुणाची तरी असतील म्हणून.

फोटो काढून एव्हराल्दोला पाठवला, मानाउसला,
तिथे तो फ्रीजच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
पहाटे चारला उत्तर आलं:
भाषांतर चुकलंय.