तेच निळं भांडं

क्लायपेडा बंदर, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
खाली कीलला जाणारी फेरी
एकेक ट्रक सावकाश गिळतेय.
वर मी, स्किर्मांतास
आणि त्याचा थर्मास,
ज्यातला चहा त्यानं आजवर कुणाला विचारलेला नाही.

बिल्ड सर्व्हर म्हणतो, झालं.
हिरवी खूण, एकशे बारा चाचण्या,
पॅकेज बांधून फीडवर ठेवलंय.
डिप्लॉयमेंटचं यंत्र म्हणतं, नवीन काही नाही.
दोघंही खरं बोलतात,
हीच तर पंचाईत.

दोघांची तोंडओळखसुद्धा नाही.
मधे एक फडताळ तेवढं:
एकानं ठेवून जायचं, दुसऱ्यानं येऊन बघायचं.
मी पत्ता तपासला, पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ तपासली,
किल्ली नवी करून घेतली,
फायरवॉलवाल्या ओनाला झोपेतून उठवलं.
तिनं आधी शिवी दिली,
मग सांगितलं, दार उघडंच आहे.

तेव्हा स्किर्मांतासनं काचेवर बोट टेकवलं.
आवृत्ती: चार, दोन, शून्य.
काल?
चार, दोन, शून्य.
परवा?
आत सगळं बदललेलं,
मुलांचं अर्धं तिकीट, कुत्र्यांची केबिन,
आणि वर नाव तेच.
फडताळाशी येणारा चिठ्ठी वाचतो,
झाकण उचलत नाही.

"रुटा रात्रपाळीची नर्स," तो म्हणाला,
स्क्रीनवरून नजर न काढता.
"अकरा वर्षं आम्ही फ्रिजमधूनच भेटलो.
बीटाचं सूप, निळ्या भांड्यात.
एकदा तिनं त्यात माझ्या आवडीचं काहीतरी केलं होतं.
काय, ते मला अजून माहीत नाही.
वाटलं कालचंच आहे.
खाली येऊन पाव खाल्ला."

मी काही बोलले नाही.
आकड्याच्या शेपटीला बिल्डचा क्रमांक जोडला:
चार, दोन, अकराशे सत्त्याऐंशी.
कळ दाबली.
यंत्र फडताळाशी आलं,
थबकलं,
आणि उचलून घेऊन गेलं.
इतकं साधं, की चीड आली.

फेरीचं दार मिटलं.
स्किर्मांतासनं थर्मासचं झाकण उलटं केलं,
अर्धं भरलं, माझ्याकडे सरकवलं.
चहा गार होता. साखर भलतीच.

चार वाजून दहा मिनिटांनी लॉगमध्ये पहिली ओळ:
प्रवासी एक, कुत्रा एक,
जात: इतर.