पांढरी शाई

नेरिमातल्या तिसऱ्या मजल्यावर
तोमोए मिनेगिशी
दुसऱ्याच्या गोष्टीची पार्श्वभूमी काढते:
विजेच्या तारा, जिन्याचे कठडे,
प्रयोगशाळेतल्या चारशे बारा फरश्या.
माणसं सेन्सेई काढतात.

प्रकरण त्रेचाळीस.
भिंतीपलीकडचं मन ऐकणारी ती बोडकी बाई
पेन्सिलीत अर्धीमुर्धी उभी,
आणि तिच्यामागची खोली —
शेगडीवर पोचा आलेली किटली,
खुर्चीवर मेलेल्या भावाचा रेनकोट —
ती तोमोएची.
सेन्सेई तिच्या घरी कधी आलेले नाहीत.

फुग्यात एकच ओळ:
'त्या रात्री फोन वाजत होता. तू जागी होतीस.'

तिनं ब्रश बुडवला,
ओळीवरून पांढरी शाई फिरवली,
वाळेस्तोवर फुंकर घालत राहिली.
पहाटे संपादक हानावा पानं घेऊन गेला.
रिकामा फुगा तसाच छापला गेला.
वाचकांना वाटलं, काय हा संयम!

पुढच्या आठवड्याची पानं.
पहिली चौकट, उजवीकडे वर:
बाई सरळ कागदाबाहेर बघतेय.
तोंड मिटलेलं. फुगाच नाही.
मागे सगळं कोरं,
फक्त समासात सेन्सेईंचं बारीक अक्षर —
'इथे फोन.'

तोमोए टाक बुडवते.
पहिली रेघ ओढायच्या आत
तो वाजतो.