सोअर खुर्द

चॅपल विकायला काढलं आहे.
दारावर इस्टेट एजंटचा पिवळा फलक,
वर दगडात कोरलेलं
सोअर, १८४१,
आणि त्याच्याही वर पन्हळीत उगवलेलं गवत.

एमरिस प्रॉथेरो, वय सत्त्याऐंशी, शेवटचा डीकन,
किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला.
म्हणाला, सिस्टर झिराड,
तुम्हाला हिब्रू येतं. या नावाचा अर्थ काय हो?
जन्मभर याच्याखालून आत गेलो,
विचारायचं राहून गेलं.

माझं आडनाव झिराडकर.
वेल्सच्या या दरीत बत्तीस वर्षं बाळंतपणं केली,
त्यात 'कर' कुठेतरी गळून पडला.
नुसतं गाव उरले.

हिब्रू माझं अडखळतं,
अलिबागच्या सिनेगॉगमध्ये बापाच्या बोटामागून शिकलेलं.
पण हा शब्द ठाऊक होता.
शेगुल्लामावशीला तो कधी धड ऐकू आला नाही.
म्हणायची, सोयर? कोणाकडे? मुलगा की मुलगी?

सांगितलं त्याला.
आधी त्या गावाचं नाव बेला.
मैदानातल्या पाच गावांत सर्वांत किरकोळ.
राजा होता, पण चौघांची नावं लिहिणाऱ्याने
याचं लिहायचं मनावर घेतलं नाही.
मग ती पहाट, गंधकाचा वास यायच्या आधीची.
देवदूत म्हणतात, डोंगराकडे पळ.
आणि लोट, धापा टाकत, बोट दाखवतो:
ते गाव बघा. जवळ आहे. लहान आहे.
लहानच आहे ना ते?
दोनदा म्हणतो,
जसं आपण वाण्याला म्हणतो,
एवढंसं तर आहे, सोडा की.
आणि देव सोडतो.

म्हणून सोअर. म्हणजे धाकटं, बारकं.
आमच्याकडे गावांना अशी शेपटी असते, मी म्हटलं,
थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द.
सदोम बुद्रुक जळालं.
खुर्द राहिलं.

एमरिस खोकला येईपर्यंत हसला.
लहान! आणि माझ्या पणजोबाने
सातशे माणसं मावतील एवढं बांधलं!

समोर डोंगर. त्याच्या अंगावर
खाणीतून उपसलेल्या मातीचा ढीग, आता हिरवा.
मग लोट राहिला तिथे?

हे सांगायचं नव्हतं.
नाही राहिला. भीती वाटली त्याला.
मुलींना घेऊन गुहेत गेला,
आणि गोष्टही त्याच्या मागोमाग गेली.
गावाकडे वळून कोणी पाहिलं नाही.
वळून पाहणारी एकच होती,
ती आधीच मीठ झालेली.

पण गाव होतं. शतकानुशतकं होतं,
खजूर पिकवत, त्या खाऱ्या पाण्याच्या काठी.
तिथल्या कबरींचे दगड सापडलेत,
लाल रंगात लिहिलेले:
अमक्याची मुलगी अमकी,
अमक्या महिन्यात गेली,
मंदिर पडलं त्याला इतकी वर्षं झाली.
शांती.
म्हणजे जे जळलं तिथून वर्षं मोजायची
आणि झाडांना पाणी घालायचं.

आम्ही खाण बंद पडली तिथून मोजतो, एमरिस म्हणाला.
माहीत आहे. तुमच्या बायका मला
मुलांची वयं तशीच सांगत.

झिराडला आता आमचं कोणी नाही.
तेलाचा घाणा होता तिथे
कोणाच्यातरी बंगल्याची गाडी उभी असते.
मी हे त्याला सांगितलं नाही.

तुमच्या लिपीत कसं लिहाल, त्याने विचारलं.
फलकावरच्या धुळीत बोटाने लिहिलं, सोअर,
आणि वरची रेघ ओढली.
हां, म्हणाला, छप्पर घातलंत.

किल्ली सोमवारी द्यायची आहे.
उठताना त्याने माझा खांदा धरला.
लहान. आणि दुसरं काय म्हणाला होता तो?

जवळ, मी म्हटलं.
जवळ आहे, असं म्हणाला होता.