लंगडा आर

वितान्तोनियोच्या छापखान्यात मी तेव्हा खिळे पुसायचो.
पुलियातलं टेकडीवरचं गाव, चुन्याच्या भिंती,
भिंतींवर डकवलेली मेलेल्यांची पत्रकं :
वर काळी पट्टी, खाली नाव.
नाव कायम त्याच जाड, जुन्या वळणाच्या अक्षरांत,
खांब रुंद, आडव्या रेघा मात्र केसाएवढ्या,
आणि प्रत्येक खांबाला खाली फुटलेले पाय,
पसरट,
ओझं उतरवून उभ्या राहिलेल्या बाईसारखे.

त्याच खिळ्यांत तेलाचा लिलाव,
ग्रामदैवताची जत्रा, हरवलेलं खेचर.

"ठळक म्हणजे ओरडणं नव्हे,"
वितान्तोनियो म्हणायचा, शाईचा रूळ फिरवता फिरवता.
"ओरडायला मासळीवाले आहेत.
हे अक्षर चौकापलीकडच्या बाकावरल्या म्हाताऱ्यांसाठी.
त्यांना चष्मा न शोधता कळलं पाहिजे
आज आपल्यातलं कोण कमी झालं."

मोठ्या लाकडी खिळ्यांत आर दोनच.
त्यातल्या एकाचा पाय तुटलेला,
माझ्याआधीच्या कुणा पोराच्या हातून पडून.
त्यामुळे आमच्या गावात
ज्याच्या नावात दोनदा आर
तो मेल्यावर थोडा लंगडायचा.

फेब्रुवारीत इन्कोरोनाता आली,
पिशवीत बडीशेपेचे कंद, मातीसकट.
नवऱ्याचं नाव जेरार्दो.
"बारीक अक्षरांत छापा," म्हणाली,
"जन्मभर त्यानं आवाज चढवला नाही.
आता कशाला?"

वितान्तोनियोनं वाद घातला नाही.
दोन नमुने काढले, समोरच्या भिंतीला लावले,
आणि तिला चौक ओलांडून नेलं
कारंज्यापाशी.
ऊन होतं.
बारीक जेरार्दो चुन्यात विरघळला.
ठळक तिथेच, टाचा रोवून.

ती बराच वेळ बघत राहिली. मग :
"दुसऱ्या आरचा पाय कुठाय?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं.
वितान्तोनियोनं टोपी काढली, काहीतरी पुटपुटला.

"असू दे. गुडघा गेल्यापासून
उतारावर तो असाच उतरायचा.
फक्त दोन्ही बाजूंना जागा सोडा.
दाटीत त्याचा जीव घाबरा व्हायचा."

सोडली.
चाळीस प्रती. इतका कोरा कागद
आम्ही त्याआधी नगराध्यक्षालाही दिला नव्हता.

संध्याकाळी रॉकेलनं खिळे पुसले.
चिंधीवर जेरार्दो, चिंधी शेगडीत.

सकाळी सर्कसवाले आले, त्यांना वाघ हवा होता,
लाल शाईत, भिंतभर.
त्यांच्या वाघाला आर एकच लागतो.
हात सवयीनं धड आरकडे गेला
आणि, का कोण जाणे, मी लंगडा उचलला.
वितान्तोनियोनं बघितलं.
रूळ तसाच फिरवत राहिला.

आठवडाभर चौकात तो लाल वाघ,
एक पाय किंचित वर धरून.
सर्कस गेली तरी कुणी तो काढला नाही.
इन्कोरोनाता बाजारातून येताना
कारंज्यापाशी थांबायची,
पिशवी खाली ठेवून.