उचल बाकी

वेंगुर्ल्यात लोखंड लवकर म्हातारं होतं.
ट्रॉलरांचे वायरलेस दुरुस्त करण्यात हयात गेली,
मला हे कुणी सांगायला नको.
तरी घरात सात संगणक आहेत,
चाळीस वर्षांपूर्वीचे, कचेऱ्यांतले, हिशेबाचे.
आठवा टेंपोवाल्याने बांद्याच्या नाक्यावर उतरवला
आणि कुणीतरी पत्र्यासाठी नेला.

कपाटात साठ वॉटचा बल्ब रात्रंदिवस जळतो,
खाऱ्या दमट हवेवर दुसरा इलाज नाही.
सुलभा बिलाचं काही बोलत नाही, म्हशीचं बोलते:
"म्हस घेतली असतात, तर दूध तरी गावला असता."

सगळ्यांत जड तो काजूच्या कारखान्यातला.
मेमरी चौसष्ट के,
आजच्या फोटोतली एक भुवई मावायची नाही.
आणला तेव्हा त्याची पूजा झाली होती म्हणे.
मागच्या जाळीत कुंकू अजून आहे,
तेवढं मी ब्रशने काढलं नाही.
बाकी सगळं काढलं: पालीची दोन अंडी,
फुगलेले कपॅसिटर, बॅटरीचा हिरवा ओघळ,
एक उंदराने कुरतडलेली पावती.

फ्लॉपी एकच निघाली.
बुरशी स्पिरिटने पुसली, खाचेवर चिकटपट्टी लावली.
आपण वाचायचं, लिहायचं नाही,
हा माझा एकुलता एक नियम.

तिथले हिशेबनीस केळुसकर अजून आहेत, उभादांड्याला.
रिक्षाने आले. चष्मा घरी विसरले होते,
पण बोटांना वाट ठाऊक होती.
विळीवर नारळ खवावा तशी फ्लॉपी खरखरली
आणि हिरव्या पडद्यावर बायका आल्या,
इंग्रजीत, आठ अक्षरांवर कापलेल्या.
भागिरत. चंद्रब. अन्नपुर्न.
इनासीना तेवढी पुरती मावली.

काजूचा चीक हात खातो.
पगाराच्या दिवशी ह्यांच्या अंगठ्यांना
शाई लावावी लागत नसे.

"वाच रे," केळुसकर म्हणाले.
मी वाचत गेलो. चंद्रब, उचल बाकी पंधरा.
"परत वाच."
"पंधरा."
मग बराच वेळ यंत्राचा पंखाच काय तो बोलला.

"तिणा फेडल्यान होते. माझ्या हातात दिल्यान.
मी आकडो घातलंय आणि लाईट गेली.
फुडल्या शनवारी मशीनीन परत कापल्यान.
ती म्हणाली, मी दिलंय.
मी म्हटलंय, मशीन चुकणा नाय."

चकतीचा थर इतका सुटलेला
की आता एकदा लिहिणं म्हणजे बहुतेक शेवटचंच.
त्यांनी काही मागितलं नाही.
चष्मा नसलेल्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत राहिले फक्त.
मी नखाने चिकटपट्टी काढली.

सगळ्या कळांत शून्याची कळ गुळगुळीत,
ती त्यांनी चाचपून दाबली.
लाल दिवा लागला
आणि लागूनच राहिला.

ती फ्लॉपी आता उघडत नाही.
पंधरा उरले की शून्य, कुणीच सांगू शकणार नाही.
पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिलंय, पुरतं: चंद्रभागा.
आडनाव केळुसकरांना आठवलं नाही.
रिक्षात बसता बसता एवढंच म्हणाले,
पंधरा रुपयांत तेव्हा
अख्खी पाटी बांगडे यायचे.