निळा हात

पॅटर्सनच्या रेशीम गिरणीचा भोंगा
शनिवारीही सातलाच व्हायचा.
म्हणून आमचा शब्बाथ साडेचारला उठायचा.
तळघरातली खोली, ओल आलेल्या भिंती,
शेगडी पेटवून जायची शेजारची इटालियन बाई,
कारण आम्हाला विस्तव मना.
बाप माझा तिथला झाडूवाला. तोच माणसं मोजायचा:
दहा भरले की सुरू.

पण उजाडल्याशिवाय प्रार्थना कशी?
रब्बाय म्हणाले, जुना नियम आहे,
निळा धागा पांढऱ्यापासून वेगळा ओळखू आला
की झाली पहाट.
वेल्वल कामिनर रंगाऱ्यानं खिडकीशी हात धरला,
कोपरापर्यंत निळा, साबणाला न जुमानणारा.
"दिसतोय," म्हणाला. "चला, उरका."

मग शाली घडी करून डब्याशेजारी,
आणि जी कामं त्या एका दिवशी करू नयेत
नेमकी तीच करायला सगळे पळत सुटायचे:
धागा जोडणं, विणणं, रंगवणं.
कुणी कुणाकडे बघायचं नाही त्या जिन्यावर.

संप झाले. डोकी फुटली. शनिवार सुटीचा झाला.
वेल्वलच्या पोराचे पडद्यांच्या कापडाचे तीन कारखाने झाले,
तो हर्बर्ट झाला, टेकडीवर राहायला गेला,
आणि सिनेगॉगही त्याच्यामागून टेकडी चढलं.
नकाशात बायकांचा सज्जा होता.
पोलाद महागलं, सज्जा कापला,
गाड्या लावायची जागा तेवढी राहिली.
बायका खाली येऊन बसल्या.
समानतेवरचं प्रवचन दोन वर्षांनी झालं.
आईनं पहिल्यांदाच तोरा इतक्या जवळून पाहिली,
म्हणाली, "अक्षरं किती बारीक रे.
मला वाटायचं मोठी असतील."

आता किल्ल्या माझ्याकडे.
मखमली खुर्च्या तीनशे बारा,
ऊब आपोआप सुरू होते, शेजारीण लागत नाही.
साडेनऊची वेळ, कुणालाही जमावी अशी.
शुक्रवारी फोन करत बसतो:
कुणाचं गोल्फ, कुणाच्या नातवाचं पोहणं,
कुणी नुसतंच "बघतो" म्हणतं.
बायका मोजायला लागलो म्हणून नऊ तरी होतात.

बापाला विचारायचं राहून गेलं,
त्या जिन्यावर त्याला लाज वाटायची
की नुसती झोप यायची.

पावणेदहा. खिडकीशी उभा आहे.
काचेवर टेकलेला माझा हात
स्वच्छ, म्हातारा, पांढरा.
शेजारी निळं काहीच नाही.
खाली एक गाडी वळतेय,
आत येतेय की नुसतीच वळतेय,
अजून सांगता येत नाही.