संस्थेचा शिक्का

परीक्षा तोंडावर आली तेव्हा
देसूरकर मॅडमनी फॉर्म वाटले:
साठ तास प्रत्यक्ष काम,
मार्गदर्शकाची सही, संस्थेचा शिक्का.
विनोद मामाच्या ओळखीनं पतसंस्थेत चिकटला,
सुहासिनी टिळकवाडीत, एका वकिलाकडं.
माझा चुलतभाऊ उद्यमबागेत मोल्डिंगला असतो,
आयटीआयवाला. म्हणाला,
"बी.ए.वाल्यांना कसलं की प्रॅक्टिकल?
कविता वतूलालीस काय साच्यात?"

मी गेले खानापूरला, तहसीलदार कचेरीसमोर.
करंजाखाली गुंडू हलगेकर बसतात, बॉण्ड रायटर.
टेबलाच्या एका पायाखाली वीट,
शाईचं पॅड, सुतळीनं बांधलेला चष्मा.
"काय शिकलीयास?"
"मराठी, इतिहास, थोडं समाजशास्त्र."
"बरं हाय. खरं, ऐकायला येतंय काय?"

तीन दिवस नुसतं ऐकलं.
माणूस म्हशीपासून सुरू करतो,
भावाच्या लग्नातल्या भांडणावर येतो,
पाणी पितो, तलाठ्याला शिव्या देतो,
आणि उठताना, चप्पल पायात सारता सारता
खरं काम सांगतो.
"तेवढंच लिहायचं," हलगेकर म्हणाले.
"चपलीजवळचं."

मग कन्नड.
शाळेत केलं होतं पस्तीस मार्कांपुरतं.
आता "मान्यरे" लिहिताना
अक्षराचं पोट गोल येईना,
त्यांनी माझा हात धरला नाही,
फक्त कागद थोडा तिरका केला.
मराठीत आलेलं रडू
कन्नडमध्ये एका पानावर बसवायचं,
आणि साहेबाला वाचताना ते कुठंतरी लागलं पाहिजे.
हे मला अजून जमत नाही.

अकराव्या दिवशी कणकुंबीकडची एक बाई आली.
रेशनकार्डावर धुपदा,
आधारवर द्रौपदी,
जमिनीच्या उताऱ्यावर द्रौपदव्वा.
नवरा गेला, वारसा लागेना,
खिडकीतला माणूस म्हणतो, ह्या तिघीजणी.
"मी एकलीच आलोय गा एस्टीनं," ती म्हणाली,
"तिकीट बी एकच काढलंय."

आणि मला मॅडमचा तास आठवला,
दुपारचा, पंखा बंद असलेला:
एकच ओवी, तीन हस्तलिखितं,
नकलणाऱ्याचा कान, नकलणाऱ्याचं गाव.
पाठभेद म्हणतात त्याला.
तेव्हा मी वहीच्या कडेला चिमणी काढत होते.

अर्ज मी लिहिला.
कुणी, कुठल्या साली, कुठल्या भाषेच्या कानानं
हे नाव ऐकलं असेल, ते क्रमानं मांडलं,
खाली: वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच.
हलगेकरांनी दोन ओळी खोडल्या.
"शानपण जास्त झालंय. बाकी ऱ्हाऊ दे."
बाईनं अंगठा दिला,
आणि पिशवीतून मूठभर भाजलेल्या काजूबिया,
माझ्या हातावर, त्यांच्या नव्हे.
ती वारस लागली की नाही, माहीत नाही.
फाईल अजून आतच आहे.

साठ तास भरले.
फॉर्मवर एक रकाना होता:
"आत्मसात केलेली कौशल्ये". दीड इंचाचा.
मी "अर्जलेखन" लिहिलं आणि थांबले.
बोटांना काजूचा काळा डाग होता,
साबणानं न जाणारा.

हलगेकरांनी सही केली, वळणदार,
चाळीस वर्षं घोटलेली.
मग खालच्या चौकोनाकडं बघत बसले.
"संस्था म्हणजे काय की?
मी हाय, टेबल हाय, ही वीट हाय."
पॅड उघडलं,
आणि जिथं शिक्का हवा होता तिथं
स्वतःचा अंगठा उमटवला,
हळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत,
दुसऱ्यांचे धरून उमटवतात तसाच.

सोमवारी मॅडम विचारतील,
"मार्गदर्शक निरक्षर आहेत का गं?"
त्यांना काय सांगायचं,
ते एका पानात बसवतेय.